‘बंद’ म्हणायचं नाही

नरभेरामभाईंच्या आईबापांनी मुलाचं नाव ठेवताना घाई केली असं माझं स्पष्ट मत आहे. नरभेराम म्हणजे निर्भयराम. आणि हा माणूस कुत्र्याला भ्यायचा, पालीला भ्यायचा, लिफ्टला भ्यायचा, मोरबीच्या हायवेवर रस्ता ओलांडताना माझी बाही घट्ट धरायचा. लोक त्यांना पाठीमागे ‘बीकणभाई’ म्हणत, म्हणजे आपला भित्रटराव. कधी कधी तोंडावरही म्हणत. ते रागावत नसत. "खरं आहे ते म्हणतात, त्यात काय," एवढंच बोलत.

असा माणूस जन्मभर विजेच्या कामात होता, हा देवाचा विनोद.

मी भुसावळचा. ट्रान्सफॉर्मर बसवणाऱ्या टोळीबरोबर मोरबीला आलो आणि तिथलाच होऊन गेलो. सगळे मला भाऊ म्हणतात. नरभेरामभाईंच्या हाताखाली लागलो तेव्हा मी तरणाबांड आणि डोक्यानं तापट होतो; तापटपणा अजून तसाच आहे. आमचं काम टाइल्सच्या कारखान्यांतले मोठे ब्रेकर तपासायचं. घरातला एमसीबी तुम्ही पाहिला असेल, त्याचाच हा कपाटाएवढा थोरला भाऊ. तारेत गडबड झाली की त्यानं क्षणात पडायचं आणि वीज तोडायची. तो खरंच पडतो का, हे पाहायला आम्ही आमच्या यंत्रातून त्याच्यात मुद्दाम भारी करंट सोडतो. हजारांत करंट, पण दाब, म्हणजे व्होल्टेज, अगदी मामुली. त्या करंटनं कोणी मरत नाही. माणूस मरतो तो त्याच्या आधी, तयारीत. ब्रेकरच्या वरच्या-खालच्या तांब्याच्या पट्ट्यांना आमच्या जाड केबली आवळायच्या असतात, उघड्या हातांनी. त्या पट्ट्यांत वीज नाही, हे कोणीतरी सांगितलेलं असतं. त्या सांगण्यावर हात आत घालायचा असतो.

नरभेरामभाईंचा कोणाच्याही सांगण्यावर विश्वास नसे. त्यांची तयारी बघत बसणं म्हणजे शिक्षा. आधी ट्रान्सफॉर्मरकडची वीज तोडायची, तिथं कुलूप घालायचं, किल्ली खिशात. मग ते कुलूप हिसडून बघायचं. कंट्रोलचे फ्यूज काढून दुसऱ्या खिशात. ब्रेकरच्या पोटातली स्प्रिंग सोडून द्यायची, कारण ताणलेली स्प्रिंग बोटं तोडते. आणि शेवटी त्यांचा दिवा. लाकडी फळीवर दोन बल्ब, त्यांना दोन लांब वायरी. आधी दिवा चालू सॉकेटला लावून पेटतो का बघायचं, मग पट्ट्यांना लावायचा, मग परत सॉकेटला, न जाणो मधेच बल्ब उडाला असेल तर. आधी, मधे, नंतर. हे झालं की बांबूला बांधलेली अर्थिंगची साखळी पट्ट्यांवर टाकायची. तेव्हा कुठे ते मला म्हणत, "घाल आता हात. उलटा घाल." कारण सरळ तळवा लावला आणि झटका बसला तर बोटं आपोआप मिटतात आणि पट्टी सोडत नाहीत.

आणखी एक नियम होता, तो मात्र खास त्यांचा. त्यांच्यासमोर ‘बंद’ हा शब्द उच्चारायचा नाही.

मी पहिल्यांदा म्हणालो, "नरभेरामभाई, ब्रेकर बंद केला," तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "बंद म्हणजे काय? दिवा बंद म्हणजे विझलेला. दार बंद म्हणजे लागलेलं. ब्रेकर दिवा आहे की दार?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि अंगावर काटा आला. ब्रेकर आतून दारच आहे. तांब्याचे दोन जबडे. जबडे मिटले, लागले, बंद झाले, की वीज वाहते. म्हणून त्याच्या छोट्या खिडकीत इंग्रजीत ‘क्लोज’ लिहून येतं तेव्हा तो चालू असतो आणि ‘ओपन’ येतं तेव्हा तो निजलेला. पण आपल्या तोंडात बंद म्हणजे विझलेला! गुजरातीत बंध, मराठीत बंद, घोटाळा तोच. एका जिनिंग मिलमध्ये कोणीतरी "बंद कर, बंद कर" म्हणून ओरडला आणि दुसऱ्यानं घाबरून क्लोजचं बटण दाबलं, हे नरभेरामभाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढचं ते कधी सांगत नसत. तेव्हापासून त्यांच्याकडे दोनच शब्द. झोपलाय आणि जागा आहे. आम्हीही तेच बोलायचो. नवे लोक हसायचे.

ते सातमचं वर्ष मला विसरता येत नाही.

श्रावणातल्या सातम-आठमला सगळं सौराष्ट्र सुट्टीवर असतं. कारखाने थांबतात, मजूर गावी जातात, जत्रा भरतात. आमचा मात्र तोच हंगाम, कारण थांबलेल्या कारखान्यातच ब्रेकर हाती लागतो. त्या वर्षी सातमलाच काम होतं आणि ते होतं नरभेरामभाईंच्या जावयाच्या कारखान्यात. विपुलकुमार तिथं इलेक्ट्रिक खात्याचे मुख्य. नरभेरामभाईंची एकुलती एक लेक दक्षा त्यांना दिलेली, लग्नाला वर्ष व्हायचं होतं, आणि तिला दिवस गेलेले. पाचवा महिना.

"भाऊ, हे काम नको घेऊ या," नरभेरामभाई मला आठवडाभर म्हणत होते.

"का? घरचं काम आहे."

"घरचं आहे म्हणूनच. जावई आहेत ते. त्यांच्या शब्दावर मी दिवा कसा लावू?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्यांचं बरोबर होतं. तिकडे जावयाचा मान काय असतो हे मला माहीत होतं. स्वतः नरभेरामभाई लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. जावयाला ‘कुमार’ म्हणत, ‘तुम्ही’ म्हणत, त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत. त्यातून विपुलकुमारांचं घराणं मानापानात भारी. लग्नात वरातीला सरबत उशिरा मिळालं म्हणून त्यांचे काका दोन तास रुसून बसले होते. आणि लेक त्या घरात नांदायची होती.

सकाळपासूनच बिनसलं. विपुलकुमारांनी ट्रान्सफॉर्मरकडचं कुलूप स्वतः लावलं आणि किल्ली सासऱ्यांच्या हातात दिली. नरभेरामभाईंनी किल्ली खिशात टाकली, दोन पावलं गेले, आणि त्यांना राहवेना. परत आले आणि कुलूप हिसडून बघितलं. विपुलकुमारांची चार माणसं तिथं उभी होती. त्यातला एक फिसकन हसला.

"लागलंय ना, बापा?" विपुलकुमार म्हणाले. आवाज गोड होता, पण कानाच्या पाळ्या लाल.

"लागलंय, लागलंय कुमार. माझी सवय वाईट."

दुपारी दक्षानं पाठवलेला डबा उघडला. सातमला चूल पेटवायची नसते, म्हणून आदल्या दिवशीची थेपली, दही, बाजरीच्या पिठाचे गूळ-तुपातले लाडू. सगळं थंड. नरभेरामभाईंनी एक थेपलं हातात घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. मुलीकडचं खायचं नाही म्हणून नव्हे. कारखान्यात आलेला डबा चालतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. त्यांच्या घशाखाली घासच उतरत नव्हता. "भाऊ, आज माझं पोट दुखतंय," ते हळूच म्हणाले. त्यांचं पोट दुखलं की काहीतरी होतं, हा माझा अनुभव. नाही म्हणायला दहातल्या नऊ वेळा काहीच होत नसे.

कारखान्याला दोन शेड. आम्ही होतो जुन्या शेडमध्ये, त्याची वीज तोडलेली. नव्या शेडची वीज तोडता येत नव्हती, कारण तिथली भट्टी अजून गरम होती आणि गरम भट्टीतले रोलर फिरते ठेवावे लागतात, नाहीतर वाकतात. दोन्ही शेडची पॅनलं, म्हणजे ब्रेकरची कपाटं, जाड केबलांनी जोडलेली आणि मधे एक ब्रेकर, त्याला कप्लर म्हणतात. तो कप्लर नव्या शेडमध्ये होता. तो झोपलेला असला तर आमच्याकडे वीज येणार नाही. जागा असला तर नव्या शेडची सगळी वीज आमच्या पट्ट्यांत. कारखान्याचं सगळं खातं विपुलकुमारांचं, म्हणून कप्लर झोपवायचं काम त्यांनी आपल्याकडे ठेवलं होतं.

विपुलकुमारांनी नव्या शेडमधल्या ओधवजीला फोन लावला. ओधवजी म्हातारा, बंदरावर इंग्रजी पाट्यांत आयुष्य काढलेला, कमी बोलणारा. फोनमधून भट्टीच्या पंख्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

"काका, कप्लरची काय स्थिती?"

पलीकडून एकच शब्द आला असणार.

विपुलकुमारांनी फोन खिशात टाकला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "बंद आहे."

मी केबल उचलली. खरंच उचलली. माणूस जावई आहे, खात्याचा मुख्य आहे, स्वतः फोन करून सांगतोय. पॅनलवरचे छोटे दिवे विझलेले होतेच, कंट्रोलचे फ्यूज आम्हीच काढले होते. काट्याचं मीटर तर केव्हाचंच मोडलेलं. सगळं मेल्यासारखं शांत.

नरभेरामभाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ‘बंद’ हा शब्द ऐकला की उतरायचाच. त्यांनी फळीवरचा दिवा उचलला.

"बापा." विपुलकुमार मधे आले. "मी सांगतोय ना."

नरभेरामभाईंनी दिवा खाली ठेवला.

मी त्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली, दिव्याशिवाय हात घालताना कधी पाहिलं नव्हतं. पाच महिन्यांची पोटुशी लेक, रुसणारे काका, हसणारी चार माणसं, सगळं त्या खाली ठेवलेल्या दिव्यात होतं, आणि आत हात घालायचा होता तो माझा. मी केबल हातात धरून उभा. नको म्हणायची हिंमत मलाही झाली नाही, हे लिहून ठेवतो. मला, ज्यानं त्यांना जन्मभर भित्रे म्हणून चिडवलं.

मग नरभेरामभाईंनी हात जोडले. अक्षरशः जोडले. "कुमार, तुमचा शब्द खरा. पण रीत आहे. तेवढी उरकून घेऊ. म्हाताऱ्याची भीती समजा."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "बीकणभाई."

ते सासऱ्यांना म्हटलेलं होतं, पण झोंबलं जावयाला. माणसाचं डोकं एकदा फिरलं की त्याला समोरचं दिसत नाही. विपुलकुमार दोन पावलांत पॅनलपाशी गेले. "दिवा कशाला पाहिजे? हा माझा हात घ्या. मी लावून दाखवतो, मग तर पटेल?" आणि त्यांनी हात पुढे केला. सरळ. तळवा समोर. धरायला निघाल्यासारखा.

त्या क्षणी मी काय केलं? काही नाही.

कुत्र्याला भिणारा, पालीला भिणारा तो माणूस. शेजारी भिंतीला अर्थिंगचा बांबू टेकवलेला होता. तो उचलून त्यानं असा फिरवला की हवेत सूं आवाज झाला, आणि जावयाच्या मनगटावर ठाडकन बसला. हाडाचा आवाज मी ऐकला. विपुलकुमार ओरडून मागे कोसळले. चार माणसं दोन पावलं मागे सरली. सासऱ्यानं जावयावर हात उचललेला त्यांनी काय, त्यांच्या बापजाद्यांनी पाहिला नसेल.

"भाऊ," नरभेरामभाई म्हणाले. त्यांचे दात एकमेकांवर वाजत होते. "दिवा लाव."

आमच्या यंत्रासाठी नव्या शेडमधून ओढलेल्या सॉकेटमध्ये वायरीचं टोक पहिल्या खेपेला जाईना. गेलं. बल्ब पेटले. मग मी वायरीची टोकं लांबून पट्ट्यांना टेकवली.

दोन्ही बल्ब लख्ख पेटले.

त्या पिवळ्या उजेडात विपुलकुमारांचा चेहरा मला दिसत होता. ते आपल्या तळव्याकडे बघत होते. मी वायरी काढायला विसरलो, तसाच धरून उभा राहिलो, आणि दिवा पेटलेलाच. शेवटी नरभेरामभाईंनी माझा खांदा धरून मला मागे ओढलं आणि मग स्वतः भिंतीला टेकून खाली बसले.

ओधवजीनं खोटं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला होता, "क्लोज." जुन्या शेडच्या वाटेवरचे दिवे चालू राहावेत म्हणून त्यानंच सकाळी कप्लर जोडून ठेवला होता. विपुलकुमारही खोटं बोलले नव्हते. कानानं ‘क्लोज’ ऐकलं, तोंडानं ‘बंद’ म्हटलं, आणि माझ्या कानात येईपर्यंत तो ‘विझलेला’ झाला होता. हसू नका. भल्याभल्यांची जीभ अशी घसरते, आणि विपुलकुमार आपल्या कामात कच्चे मुळीच नव्हते.

नरभेरामभाई रांगत जावयापाशी गेले. "कुमार, माफ करा. लागलं का? माफ करा मला." विपुलकुमारांचं मनगट सुजून भोपळा झालं होतं. ते उठले आणि आपल्या माणसांकडे न बघता निघून गेले.

तुम्हाला वाटेल, जीव वाचवला, आता जावई पायांवर डोकं ठेवेल. मलाही वाटलं होतं. पण जीव वाचल्याचा आनंद माणूस गुपचूप करतो आणि चारचौघांत खाल्लेला मार उराशी धरून बसतो. घरी त्यांनी सांगितलं की पॅनलचं दार हातावर आपटलं. खरं बोलले असते तर स्वतःची चूक सांगावी लागली असती. पण त्या चार माणसांची तोंडं कोण बांधणार? काकांपर्यंत गेलंच: सासऱ्यानं जावयाला बांबूनं मारलं. का मारलं, ते मात्र पोचलं नाही. आणि नरभेरामभाई सांगायला तयार नव्हते.

"सांगा की!" मी खेकसलो. "तुमची लेक विधवा झाली असती."

"आणि सांगितलं तर जावयाची लाज जाईल. मग ती त्या घरात कशी राहील? गप्प बस, भाऊ. तुझ्या पाया पडतो."

दिवाळी गेली. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिकडे नवीन वर्ष लागतं, तेव्हा लेक-जावई पाया पडायला येतात; कोणी आलं नाही. त्याआधी सातव्या महिन्यात दक्षाचं सीमंत, म्हणजे आपलं डोहाळजेवण, झालं होतं. त्यानंतर लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची, तशी रीतच आहे. निरोप आला, "आमची सून इथंच बाळंत होईल." नरभेरामभाईंनी तो निरोप ऐकला आणि नुसती मान हलवली. त्या दिवसापासून ते खरे घाबरले. आधीचं सगळं घाबरणं म्हणजे खेळ होता. "भाऊ, तिची आई दक्षाच्या वेळी मरता मरता वाचली," ते काम करता करता मधेच थांबून म्हणायचे. "तिथं कोण असेल तिच्याजवळ? कोण बघेल?" दिवा हातात, आणि डोळे दुसरीकडेच. त्या महिन्यांत त्यांच्या दिव्यावर मी माझा वेगळा दिवा लावून घ्यायचो. मीसुद्धा बीकणभाई झालो होतो.

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही एका सिमेंटच्या कारखान्यात होतो. दक्षाला कळा सुरू झाल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं होतं, त्यापुढे काही नाही. बायकोनं त्यांना घराबाहेर काढलं होतं: "इथं बसून मला भीती लावू नका, जा कामाला." त्यांनी दिवा सॉकेटला लावला, बल्ब पेटले, आणि खिशातला फोन वाजला. पडद्यावर विपुलकुमारांचं नाव. सातमनंतर पहिल्यांदा.

"तू घे," त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "माझ्यानं ऐकवणार नाही."

मी स्पीकर चालू केला.

"बापा?"

नरभेरामभाईंची बोबडी वळली होती. मीच म्हणालो, "ऐकतायत, बोला."

"बापा, मुलगी झाली. दोघी झोपल्यात."

आमच्या धंद्यात यापेक्षा गोड शब्द नाही. हा शब्द ऐकला की आमचा श्वास मोकळा होतो. पण त्यांचा चेहरा आणखीच पांढरा झाला.

"तपासलंत, कुमार?" त्यांनी विचारलं.

विपुलकुमार म्हणाले, "तीनदा, बापा. आधी, मधे, नंतर. तुमच्याच रीतीनं. सरळ हात नाही लावला."

मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. नरभेरामभाई मात्र हसले नाहीत. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

"कुमार, एक उपकार करा. पोरीला जरा जागं करा. मला ऐकू दे."

"बापा, आत्ताच तर झोपलीय…"

"जागं करा."

काही खुडबुड ऐकू आली. कोणी बाई, नर्स असावी, चांगलीच रागावली. आणि मग पोरगी रडली. असली रडली की त्या कोंदट पॅनलच्या खोलीत भिंतीवरच्या चित्रातला माणूससुद्धा वळून बघेल. नरभेरामभाईंनी फोन माझ्या कानाशी धरला आणि मला ऐकवला, जणू मी बहिरा आहे.

"जागी आहे," ते म्हणाले. "भाऊ, जागी आहे."